लवकर सुरू झालेलं मशीन

माझ्या नवऱ्याला थांबता येत नाही. हा काही आजार नाही, पण यावर औषध मिळत असतं तर मी कधीच आणलं असतं. चहा गाळून होईस्तोवर हा कप पुढे करून उभा. लिफ्टचं बटण एकदा दाबून त्याचं समाधान होत नाही, दाबतच राहतो, आणि लिफ्ट येते तेव्हा हा जिन्याने अर्ध्यावर पोचलेला असतो. आमच्या लग्नाच्या निम्म्या फोटोंत मी खुर्चीत बसले आहे आणि शेजारची व्यक्ती उठून चालली आहे. ऑफिसात त्याला सगळे 'सेकंद' म्हणतात. ज्याने हे नाव पाडलं त्याचं मला कौतुक वाटतं, कारण आमच्या घरी एक दिवसही न राहता त्याने माणूस बरोबर ओळखला.

थांबता येत नाही म्हणून त्याला दुसरी एक खोड लागली आहे. जिथे वेळ जातो तिथून काय काढून टाकता येईल ते बघायचं. शर्ट काढताना वरची दोनच बटणं काढतो, बाकीची धुतानाही तशीच लावलेली. डब्यांची घट्ट झाकणं त्याला खपत नाहीत, त्यामुळे आमच्या घरात साखरेला मुंग्या लागलेल्या असतात. एकदा त्याचं लक्ष पॅसेजमधल्या छोट्या दिव्याकडे गेलं. रात्रभर कशाला जळतो हा, कुणाला लागतो, म्हणून काढून टाकला. पहाटे सासूबाई बाथरूमला जायला उठल्या आणि स्टुलावर आदळल्या. अंगठा टम्म सुजला. हा म्हणाला, "मला तर तो दिवा कधीच लागला नाही गं आई." त्या म्हणाल्या, "तू घोरत असतोस रे."

मग मात्र त्याची मान खाली गेली ती वर येईना. नवीन दिवा आणला, आईचा पाय मांडीवर घेऊन शेकत बसला, दोन दिवस माझ्याशीही हळू आवाजात बोलला. त्याला लाज वाटते, हे मी त्याच्या बाजूने आधीच सांगून ठेवते. वाटते, पण उशिरा वाटते. आयुष्यात तेवढ्या एकाच गोष्टीत तो सावकाश आहे.

तो एक्स-रे आणि सोनोग्राफीच्या एका सेंटरमध्ये काम करतो. कॉम्प्युटर, प्रिंटर, वायरी, जे काही विजेवर चालतं आणि डॉक्टरांना कळत नाही ते सगळं त्याच्याकडे. कमरेच्या पट्ट्याला एक मोठा जुडगा लटकवलेला असतो, त्यात किल्ल्या आणि पाच-सहा पेनड्राइव्ह. चालला की खुळखुळतो. मी त्याला म्हणायचे, आधी तुझा जुडगा घरात येतो, मागून तू.

सेंटर तळमजल्यावर आहे. पुढे प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मग काउंटर, काउंटरच्या मागे एक बारकी खोली. पूर्वी तिथे फिल्मची खोकी ठेवायचे. आता तिथे ताई बसतात. ताई म्हणजे टायपिस्ट, सगळे त्यांना ताईच म्हणतात. जन्मापासून दिसत नाही. डॉक्टर पेशंटला तपासून झाले की छोट्या रेकॉर्डरवर मराठीतून रिपोर्ट बोलून ठेवतात, आणि ताई तो ऐकून टाइप करतात. एका कानात डॉक्टरांचा आवाज, दुसऱ्या कानात कॉम्प्युटरचा, कारण त्यांचा कॉम्प्युटर पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो. इतक्या वेगात वाचतो की दुसऱ्या कुणाला त्यातलं एक अक्षर समजत नाही. त्या खोलीला खिडकी नाही म्हणून डॉक्टर पहिल्या दिवशी जरा ओशाळले होते. ताई म्हणाल्या, "मला भिंत काय आणि खिडकी काय, पंखा तेवढा बरा द्या."

त्यांच्या कॉम्प्युटरला बोलायला लावलं ते माझ्या नवऱ्यानेच. ताई नोकरीला लागल्या तेव्हा एक अख्खी दुपार दोघं आवाज निवडत बसले होते. ताईंना एकही पसंत पडेना. ही बाई रडकी आहे. हा माणूस झोपेत बोलतोय. ही मला रागावतेय, हिला घालवा. तो घरी येऊन नकला करून दाखवत होता आणि सासूबाईंना हसून ठसका लागला होता. म्हणजे त्याला माहीत नव्हतं असं नाही. हे लक्षात ठेवा, कारण मी विसरू शकत नाही.

आता कॉम्प्युटरांचं. सेंटरमधले सगळे जुने. विंडोजऐवजी लिनक्स घातलं तर ते फुकट मिळतं हे डॉक्टरांना कळलं त्या दिवसापासून सगळ्यांवर लिनक्स. त्याबद्दल माझी तक्रार नाही, नवरा म्हणतो चांगलं आहे तर असेल. पण सकाळी बटण दाबलं की ती मशीनं उठायला फार वेळ घ्यायची. काउंटरवरची मुलगी बटण दाबून फुलझाडांना पाणी घालून यायची, तरी पडदा काळाच. आणि समोर सोनोग्राफीची माणसं. सोनोग्राफीला पोटभर पाणी पिऊन यावं लागतं आणि तपासणी होईपर्यंत बाथरूमला जायचं नसतं. अशी दहा माणसं पाय जुळवून, चेहरे आवळून बसलेली, आणि कॉम्प्युटर जांभया देतोय. डॉक्टर आतून ओरडायचे, "सेकंद, तुझं मशीन उठतंय, की पेशंटला घरी पाठवू?"

त्याला ते लागलं. थांबता न येणाऱ्या माणसाला दुसऱ्यांना थांबवल्याबद्दल बोलणी खावी लागत होती.

मग तो त्याच्या मागे लागला. जेवताना मला सगळं समजावून सांगायचा, मला नको असलं तरी. कॉम्प्युटर सुरू होतो म्हणजे आतली पन्नास छोटी कामं जागी होतात. एक प्रिंटर शोधतं, एक इंटरनेटची वाट बघतं, एक घड्याळ लावतं. लिनक्सला विचारता येतं की आज उठताना कुणी किती वेळ खाल्ला, आणि ते यादीच दाखवतं, सगळ्यात ऐदी सगळ्यात वर. त्या आज्ञेत 'ब्लेम' हाच शब्द आहे, म्हणजे दोष कुणाचा ते सांग. त्याला ही यादी फार आवडली. रोज एकेकाला पकडायचा. हे ब्लूटूथचं काम, आपल्या मशीनला ब्लूटूथ आहेच कुठे, बंद. हे मोडेमचं, तो तर भंगारात गेला, बंद. संध्याकाळी दारातून येतानाच सांगायचा, "आज आणखी कमी झालं." लोक वजन सांगतात तसं. मी म्हणायचे, वा. मला काय कळतंय, पण तो खुशीत होता आणि साखरेच्या डब्याला झाकण लावत होता.

हे सगळं त्याने आधी स्वतःच्या मशीनवर करून बघितलं. झकास चाललं. मग एका संध्याकाळी, सगळे घरी गेल्यावर, त्याने आपल्या टेबलावरून एकदम सगळ्या मशीनांना तीच आज्ञा पाठवली. एकेकापाशी जाऊन बसायला वेळ कुणाला आहे?

त्या यादीत बोलणारं काम होतं. ताईंच्या कॉम्प्युटरमध्ये पडदा वाचणारा प्रोग्रॅम एक असतो आणि वाचलेलं प्रत्यक्ष बोलणारा दुसरा, तो खाली कुठेतरी आत. वाचणाऱ्याचं नाव याला पाठ होतं. बोलणाऱ्याचं नाव काहीतरी भलतंच, आणि ते वेळ खाणाऱ्यांत बरंच वर होतं. याच्या मशीनवर ते बंद केलं तेव्हा काहीच बिघडलं नाही. बिघडणार कसं, त्याच्या मशीनला बोलायचं कामच नव्हतं. त्याने नुसतं बंदही केलं नाही, पुन्हा कुणी उठवायला गेलं तरी उठू नये असा बंदोबस्त करून टाकला. आणि खुशीत घरी येऊन झोपला.

सकाळी तो सेंटरच्या दुसऱ्या शाखेत गेला होता, तिथला प्रिंटर अडला होता. त्यानंतरचं मला काउंटरवरच्या मुलीने सांगितलं आहे, आणि ती मीठमसाला लावणारी मुलगी नाही.

मशीनं फटाफट सुरू झाली. तिने पाण्याची झारी उचलली होती ती परत ठेवली. ताई नेहमीसारख्या आल्या, काठी दुमडून ठेवली, हेडफोन लावला, बटण दाबलं आणि बसून राहिल्या. आवाज येईना. हेडफोन काढून परत लावला. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. मग या मुलीला हाक मारली. तिने बघितलं तर पडदा लखलखीत. ती म्हणाली, "सगळं ठीक दिसतंय ताई." ताई म्हणाल्या, "दिसत असेल गं, बोलत नाहीये." माझ्या नवऱ्याला फोन केला. तो स्कूटरवर होता, फोन खिशात.

तेवढ्यात डॉक्टर दारात. आदल्या दिवशीचे रिपोर्ट न्यायला माणसं आली होती. ताई म्हणाल्या, आवाज येत नाही, जरा सेकंद येऊ देत. डॉक्टर म्हणाले, "तुमची बोटं तर चालतायत ना? रेकॉर्डर वेगळा आहे, तो वाजतोय. दोन रिपोर्ट द्या फक्त, लोक ताटकळलेत." ते रागाने म्हणाले नाहीत, हसतच म्हणाले. हसत म्हणाले म्हणूनच ताईंना नाही म्हणता आलं नाही, असं मला वाटतं.

आणि त्यांनी टाइप केलं. कुठलं बटण किती वेळा दाबलं की कुठली फाइल उघडते हे त्यांच्या बोटांत होतं. पण एरवी मशीन उठेपर्यंत पहिलं बटण वाया जायचं, त्या दिवशी ते लवकर उठलं होतं, त्यामुळे बहुतेक तेही लागलं आणि एकाच्या जागी दुसऱ्याची फाइल उघडली. दोन रिपोर्टांची अदलाबदल झाली. छापलं, डॉक्टरांनी न वाचता सह्या ठोकल्या, पाकिटं काउंटरवर आली.

एक आजोबा होते. त्यांनी तिथेच पाकीट फोडलं, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. काही माणसं वर्तमानपत्रही मोठ्यानेच वाचतात, तसे. गर्भाची वाढ व्यवस्थित आहे, हृदयाचे ठोके चांगले आहेत. सगळा हॉल फुटला. पोटभर पाणी प्यायलेली माणसं हसतायत आणि हसवतही नाहीये. आजोबाही हसले, म्हणाले, "ही बातमी घरी कशी सांगू?" एवढ्यावर राहिलं असतं तर बरं होतं. पण त्यांचा प्रोस्टेटचा रिपोर्ट एका पोरसवद्या बाईच्या हातात गेला होता. पहिलंच बाळंतपण. तिला त्यातलं काही समजलं नाही, गाठ हा एक शब्द समजला, आणि ती भिंतीला टेकून रडायला लागली. तिची आई काउंटरवर येऊन हात आपटू लागली.

डॉक्टर बाहेर आले, दोन्ही कागद बघितले, आणि सरळ ताईंच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं. हॉलमधलं हसणं थांबलेलं, सगळ्यांना स्वच्छ ऐकू जात होतं.

"तुम्हाला दिसत नाही हे मान्य आहे. पण आपण चुकतोय एवढंही कळत नसेल तर मी काय करायचं?"

ताई म्हणाल्या, "सकाळपासून आवाज येत नाहीये डॉक्टर. मी सांगितलं होतं."

त्या वेळी माझा नवरा आत आला होता. ताईंच्या दारात उभा होता, डॉक्टरांच्या पाठीमागे. डॉक्टरांना तो दिसला नाही. आवाज येत नाहीये हे शब्द कानावर पडले आणि त्या क्षणी त्याला कळलं, असं तो मला म्हणाला. यादीतली ती ओळही डोळ्यांसमोर आली.

डॉक्टर म्हणाले, "बाकीची सगळी मशीनं आज उडतायत. तुमच्याच मशीनला काय धाड भरली? काहीतरी दाबलं असेल तुम्ही."

ताई गप्प बसल्या. बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "असेल. माझंच काहीतरी चुकलं असेल."

आणि माझा नवरा तसाच मागच्या मागे निघाला, बाथरूममध्ये गेला आणि तोंड धूत बसला.

डॉक्टर ताईंना म्हणाले, आज घरी जा, पुढचं मी कळवतो. पुढचं म्हणजे काय ते काउंटरवरच्या मुलीलाही समजलं, कारण दुपारीच त्यांनी तिला दुसरी कुणी टायपिस्ट बघायला सांगितली. ताईंनी डबा पिशवीत घातला, काठी उघडली, खुर्च्यांमधून वाट काढत निघून गेल्या. त्या गेल्यावर माझ्या नवऱ्याने स्वतःच्या टेबलावरून एक ओळ लिहून ते बोलणारं काम पुन्हा चालू केलं. टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून आवाज यायला लागला. रिकाम्या खुर्चीला कॉम्प्युटर आपला भराभरा वाचून दाखवतोय. मुलगी म्हणाली, "आत जाऊन तो बंद करायचाही मला धीर झाला नाही."

दुपारी डॉक्टरांनी याच्या पाठीवर थाप मारली. "आज मशीनं काय उठली रे. मानलं तुला."

त्या संध्याकाळी तो घरी आला आणि जुडग्याचा आवाज आला नाही. त्याने तो मुठीत धरला होता. ताटावर बसला आणि घास चिवडत राहिला. आमच्या घरात हे कधी घडत नाही. माझा भात अजून वाढून व्हायचा असतो तेव्हा याचं ताट धुवून झालेलं असतं. सासूबाईंनी कपाळाला हात लावून बघितलं. मला वाटलं स्कूटर कुठेतरी धडकवली. मग तो बोलायला लागला. यादीपासून सुरू केलं, कुठलं काम किती वेळ खात होतं वगैरे. मी म्हटलं, मुद्द्यावर ये.

तो मुद्द्यावर आला. मी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तू काय बोललास?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काहीच नाही. पण मी लगेच दुरुस्त केलं."

"मशीन दुरुस्त केलंस," मी म्हटलं. "ती बाई घरी गेली."

त्याने मान खाली घातली. मला त्याची दया आली नाही, खरं सांगते. मला लाज वाटली. या माणसाची बायको म्हणून मी त्या सेंटरमध्ये जाते, ताई माझी चौकशी करतात, सासूबाईंच्या अंगठ्याबद्दलसुद्धा त्यांनी विचारलं होतं. चूक झाली, चूक कुणाच्या हातून होत नाही. पण तिला आंधळी म्हणून चारचौघांत बोलतायत आणि हा दारात उभं राहून ऐकतोय, हे मला गिळता येईना. मी विचारलं, "का रे नाही बोललास?" तो म्हणाला, "माहीत नाही. बोलायला तोंड उघडलं होतं. मग डॉक्टर म्हणाले मशीनं उडतायत, आणि मला... मला बरं वाटलं ते ऐकून." एवढं बोलून तो रडायला लागला.

सासूबाई म्हणाल्या, "ऊठ. दोघं जाऊन या आधी. ताट झाकून ठेवते."

जाताना तो स्कूटर इतकी हळू चालवत होता की सायकलवाले पुढे जात होते. सिग्नलला हिरवा दिवा लागला तरी हा उभा. मागचे हॉर्न वाजवतायत. मी पाठीत बोट खुपसलं तेव्हा हलला.

ताई भावाकडे राहतात. भावजयीने दार उघडलं, चेहरा बघून ओळखलं कुठून आलो ते, आणि "बसा" म्हणाली ते अशा आवाजात की मला उभंच राहावंसं वाटलं. ताई आतून आल्या. म्हणाल्या, "या सेकंद. आज बायकोलाही आणलंत."

हा सोफ्याच्या कडेवर बसला. आणि काय सांगावं, पुन्हा यादीपासून सुरुवात. मशीन उठताना पन्नास कामं उठतात ताई, मग पेशंट ताटकळतात, मग मी असं केलं, तसं केलं. मी डोळे वटारले तर बघेना. ताई शांतपणे ऐकत होत्या. शेवटी धाप लागल्यासारखा थांबला आणि म्हणाला, "ताई, तुमचं काही चुकलं नव्हतं. मी..."

"माहीत आहे," ताई म्हणाल्या.

त्याने वर बघितलं. त्याला सुटल्यासारखं वाटलं असणार, मला दिसलं ते. "मुलीने सांगितलं का तुम्हाला?"

"नाही. तुम्ही दारात होतात ना."

तो सोफ्यावर आणखी पुढे सरकला.

"तुमचा जुडगा वाजला," ताई म्हणाल्या. "रोज ऐकते मी तो. डॉक्टर बोलत होते तेव्हा वाजला आणि दारात येऊन थांबला. मी म्हटलं, चला, आले, आता हे सांगतील काय झालंय ते. म्हणून मी गप्प बसले जरा. तुम्हाला बोलायला वेळ मिळावा म्हणून. मग जुडगा मागे मागे गेला." त्यांनी मांडीवरच्या ओढणीची घडी नीट केली. "तेव्हा मी म्हटलं, माझंच चुकलं असेल. कुणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं ना. डॉक्टर उभे होते."

त्या रागाने बोलल्या असत्या तर आम्ही दोघं जगलो असतो. पण बाजारातून काय आणलं ते सांगावं तशा आवाजात त्या सांगत होत्या. मग म्हणाल्या, चहा घेणार का? माझ्या नवऱ्याने नुसती मान हलवली, नको हे मलाच म्हणावं लागलं. भावजय दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती, आणि मी जमिनीकडे.

घरी आल्यावर त्याने पट्ट्याचा जुडगा काढला आणि फडताळात कपड्यांखाली सारला. सकाळी तसाच निघाला. मी कपड्यांखालून काढून त्याच्या हातात दिला. म्हटलं, "लाव. तू कुठे उभा आहेस ते लोकांना कळू दे." त्याने लावला.

तो सरळ डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेला आणि सगळं सांगितलं. मी केलं, मला माहीत होतं, मी दारात उभा होतो. नोकरी गेली असं धरूनच गेला होता. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, होतं असं. तिला फोन कर, म्हणावं ये उद्यापासून." मग हा दारापर्यंत गेल्यावर म्हणाले, "स्पीड मात्र तसाच ठेव हं."

होतं असं. तो घरी येऊन हे दोन शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता. ताईंना अख्ख्या हॉलसमोर डोळ्यांवरून बोलले आणि याला होतं असं. तो म्हणाला, त्यांनी एक थोबाडीत मारली असती तर मी बरा राहिलो असतो.

तर तेव्हा तो केबिनच्या दारातूनच परत वळला होता. म्हणाला, "सर, तुम्ही ताईंना सगळ्यांसमोर बोललात. मग हेही सगळ्यांसमोर सांगायला हवं." डॉक्टर म्हणाले, "आता काय पेशंट गोळा करू?" मग याने स्वतःच जायचं ठरवलं. हॉलमध्ये खुर्च्यांसमोर जाऊन उभा राहिला आणि सांगायला लागला. काल रिपोर्टांची अदलाबदल झाली ती टायपिस्टताईंमुळे नाही, माझ्यामुळे झाली, त्यांच्या मशीनचा आवाज मी बंद केला होता.

लोक बघत राहिले. कालची माणसं काल आपापल्या घरी गेली होती. ही दुसरीच होती, यांना आजोबा माहीत नाहीत की ताई माहीत नाहीत. एका बाईने विचारलं, "म्हणजे आज रिपोर्ट उशिरा मिळणार का?" कोपऱ्यातला एक गृहस्थ दोन्ही गुडघे घट्ट जुळवून बसला होता, तो म्हणाला, "ते सगळं राहू द्या हो, माझा नंबर कधी तेवढं सांगा." काउंटरवरच्या मुलीने रजिस्टरमध्ये तोंड खुपसलं. हा तिथे लालबुंद होऊन उभा. शेवटी त्या गृहस्थाचा नंबर बघून आला आणि सांगितला.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. घरी किती काळ बसणार, त्यांनाही पोट आहे. याच्याशी पूर्वीसारख्याच बोलतात. पंख्यावरून चिडवतात, सासूबाईंची चौकशी करतात. त्यांचं मशीन याने होतं तसं करून ठेवलं आहे, सगळी पन्नास कामं परत घालून. ते सावकाश उठतं. डॉक्टर कुरकुर करतात, हा ऐकत नाही.

एकच गोष्ट बदलली. पूर्वी ताई यायच्या, काठी दुमडायच्या आणि सरळ जाऊन बसायच्या. आता त्या आपल्या खोलीच्या दारात थांबतात आणि विचारतात, "कुणी काही बदललंय का?"

कुणा एकाला नाही, असंच हवेत विचारतात. काउंटरवरच्या मुलीला पहिल्यांदा कळलंच नाही काय उत्तर द्यायचं. याने आपल्या टेबलावरून ऐकलं. उठला, दारापर्यंत गेला आणि म्हणाला, "काही बदललं नाही ताई." तेव्हापासून रोज तोच उत्तर देतो. त्या बसतात, हेडफोन लावतात, बटण दाबतात आणि हात मांडीवर ठेवून वाट बघतात. हा दारात उभा राहतो. हलत नाही, बोलत नाही, जुडगा वाजवत नाही. बऱ्याच वेळाने त्या म्हणतात, "आला आवाज." मग हा आपल्या जागेवर जातो.

संध्याकाळी ताट वाढताना मी विचारते, "आज विचारलं का त्यांनी?"

"विचारलं," तो म्हणतो, आणि जेवायला लागतो.